शब्द नको, आवक क्रमांक द्या: विदर्भातल्या खेड्यातून कॉलेजात येणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी

तालुक्याच्या कॉलेजात माणसं सहसा वाईट नसतात. व्हीलचेअरवरची पोरगी आली की चार पोट्टे उचलायला धावतात, शिपाई मामा सावलीत खुर्ची टाकून देतात, सर म्हणतात, "काही काळजी करू नको, पाहून घेऊ." हे 'पाहून घेऊ' वर्षभर झकास चालतं. मग उन्हाळी परीक्षा येते, केंद्र दुसऱ्या कॉलेजात पडतं, आणि तिथल्या केंद्राधिकाऱ्याला तुमचे सर कोण, तुम्ही कोण, काही ठाऊक नसतं. त्याला कागद पाहिजे असतो, आणि त्या वेळी कागद करायला फार उशीर झालेला असतो.

म्हणून पुढे जे जे सांगितलंय ते सगळं लेखी मिळवायचं आहे. माणुसकी मिळाली तर घ्याच, पण तिच्या भरवशावर पेपरला बसू नका.

पहिलं काम: दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र)

बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. दाखल्याला वेळ लागतो. शिवाय कापूस वेचणीच्या दिवसांत घरातलं कोणी मजुरी सोडून दवाखान्यात सोबत यायला मोकळं नसतं. बारावीला असतानाच सुरुवात केली तर जून-जुलैत पळापळ होत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार दिले आहेत. जुन्या 1995 च्या कायद्यात सातच होते, आणि गावात अजूनही बऱ्याच जणांच्या डोक्यात तेच सात आहेत: आंधळा, बहिरा, लंगडा वगैरे. त्यामुळे ज्यांना दाखला मिळू शकतो अशी कितीतरी लेकरं रांगेतच उभी राहत नाहीत. बुटकेपणा, ॲसिड हल्ल्यानं आलेलं अपंगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, दीर्घकालीन मानसिक आजार, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे सगळे या यादीत आहेत.

सिकलसेलबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ या भागात हा घरोघरचा विषय आहे. तपासणीत 'एसएस' आलं असेल तर तुम्ही रुग्ण आहात आणि दाखल्यासाठी जाऊ शकता. 'एएस' म्हणजे वाहक, त्याला हा दाखला मिळत नाही. वैद्यकीय बोर्डासमोर दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवताना दुखण्याचे झटके किती वेळा आले, किती वेळा भरती व्हावं लागलं, रक्त किती वेळा चढवलं हे पाहिलं जातं. म्हणून प्रत्येक डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याची प्रत्येक नोंद, तपासणीचा मूळ रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. "दुखते बा, लय दुखते" असं कितीही सांगितलं तरी बोर्ड कागदावरच्या तारखा मोजतं.

अर्ज 'स्वावलंबन' या केंद्र सरकारच्या पोर्टलवर करायचा. अर्जाला शुल्क नाही, सेतू केंद्रवाला फॉर्म भरण्याचे पैसे घेईल तेवढेच. आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा आणि दवाखान्याचे कागद लागतात. नाव आधारवर जसं आहे तसंच टाका. दहावीच्या मार्कशीटवर 'ज्ञानेश्वर' आणि आधारवर 'दन्यानेश्वर' असेल तर आधी आधार दुरुस्त करा, नाहीतर पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज इथेच अडकतो. मग जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणीला जा. बोर्ड ठरावीक वारीच बसतं, आणि कान, डोळे, हाड यांचे वार वेगळे असू शकतात. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर आहे आणि धारणीवाल्याला अमरावतीसाठी सातपुड्याचा घाट ओलांडावा लागतो, तेव्हा फोन करून वार पक्का केल्याशिवाय एसटीत बसू नका. कानाच्या बेरा तपासणीची मशीन सगळीकडे नसते, तेही विचारून घ्या.

कार्ड हातात आलं की तीन गोष्टी बघा. टक्केवारी: 40 आणि त्यावर असेल तर आरक्षण आणि शिष्यवृत्त्या लागू होतात. रंग: 40 च्या खाली पांढरी पट्टी, 40 ते 79 पिवळी, 80 च्या वर निळी. आणि दाखल्याची मुदत. तात्पुरता दाखला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात संपत असेल तर नूतनीकरणाची तारीख आत्ताच भिंतीवर लिहून ठेवा.

40 च्या खाली टक्के आले म्हणून घरी बसायचं नाही. आरक्षण मिळणार नाही, पण वर्गातल्या आणि परीक्षेतल्या सोयींसाठी 40 ची अट पुढे करता येत नाही. लेखनिकासाठी (तुम्ही सांगाल ते पेपरात लिहून देणाऱ्यासाठी) 40 टक्के लागतातच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. त्यानंतर केंद्र सरकारनं ऑगस्ट 2022 मध्ये 40 च्या खालच्यांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. लिहिण्यात अडचण आहे असं शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र मात्र लागतं.

दुसरं: प्रवेश घेण्याआधी कॉलेज डोळ्यांखालून घाला

सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा आणि वयात 5 वर्षांची सूट कायद्यानं दिली आहे, कलम 32. कायम विनाअनुदानित कॉलेजला हे कलम लागत नाही, पण सोयींची जबाबदारी सरकारनं मान्यता दिलेल्या प्रत्येक संस्थेवर आहे. "आम्ही विनाअनुदानित आहो" हे लेखनिक नाकारायचं कारण होत नाही. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी अशा सीईटीच्या प्रवेशात दिव्यांग म्हणून नोंद अर्ज भरतानाच करायची असते. डॉक्टर व्हायचं असेल तर हेही माहीत असू द्या: केवळ टक्केवारी जास्त आहे म्हणून अपात्र ठरवता येत नाही, विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का हे बोर्डानं तपासलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2024 मध्ये ओंकार गोंड प्रकरणात म्हटलं आहे.

साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.साठी बहुतेक जण जवळचं कॉलेज घेतात, आणि ते बरोबरही आहे. पण प्रवेशाआधी एकदा जाऊन या, शक्यतो पावसाळ्यात. आपली काळी माती भिजली की तीनचाकी सायकलचं चाक गेटपासून वर्गापर्यंत पोचत नाही, आणि हे मे महिन्यात बघायला गेलं तर कळत नाही. रॅम्प बहुतेक ठिकाणी दिसेल. नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) समिती यायची असते म्हणून तो बांधलेला असतो. त्याच्या वर काय आहे ते बघा: दार किती रुंद आहे, संडासात खुर्ची वळते का, ग्रंथालय आणि परीक्षेचं दालन कोणत्या मजल्यावर आहे.

नॅकचा विषय निघालाच आहे तर एक उपयोगाची गोष्ट. मूल्यांकन झालेलं कॉलेज आपला स्वयंमूल्यांकन अहवाल स्वतःच्या संकेतस्थळावर टाकतं. त्यात दिव्यांगस्नेही परिसराचा एक मुद्दा असतो, आणि त्याखाली कॉलेजनं रॅम्प किंवा लिफ्ट, स्वच्छतागृह, दिशादर्शक फलक, स्क्रीन रीडर, लेखनिकाची मदत यातलं काय काय आहे ते स्वतःच लिहून दिलेलं असतं. ते पान प्रिंट करून घ्या. "आमच्याकडे सोय नाही" असं कोणी म्हटलं की वाद घालू नका, ते पान टेबलावर ठेवा.

तिसरं: पहिल्या महिन्यात अर्ज

प्रवेश झाला की प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या. अर्ज साधा असावा, पण मोघम नसावा. "मला सहकार्य करावे" असं लिहिलं तर सहकार्य म्हणजे नेमकं काय हे क्लार्क ठरवतो. असं लिहा:

"विषय: दिव्यांग विद्यार्थी म्हणून वर्गात व परीक्षेत सोयी मिळण्याबाबत.

मी बी.ए. प्रथम वर्षाची विद्यार्थिनी असून मला 60 टक्के अल्पदृष्टी आहे. यूडीआयडी कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 16 व 17 नुसार मला पुढील सोयी मिळाव्यात, ही विनंती. एक, माझे वर्ग व परीक्षा तळमजल्यावर घ्याव्यात. दोन, फळ्यावरील मजकुराचा फोटो काढू द्यावा. तीन, अंतर्गत व विद्यापीठ परीक्षेत लेखनिक व तासाला 20 मिनिटे जादा वेळ मिळावा. चार, प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात मिळावी. निर्णय लेखी कळवावा."

दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्यायची. इथेच गाडं अडतं. "ठेवून जा, सायेब आले की देतो" असं म्हणतील. हसून सांगा, "सायेबांना तुम्ही द्या, मला फक्त नंबर टाकून द्या." तरीही नाही म्हटलं तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती ठेवा.

कॉलेजात समान संधी केंद्र असेल तर त्याच्या समन्वयकाला प्रत द्या. हे केंद्र बऱ्याच ठिकाणी फलकापुरतंच असतं, पण प्राध्यापकाचं नाव तिथे लावलेलं असतं, आणि ज्याचं नाव लावलं त्याला प्रत मिळाली की तो जबाबदार होतो. कलम 17 मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट मिळण्याचीही तरतूद आहे. कर्णबधिर किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांनी ती आठवणीनं मागावी.

चौथं: रोजचे वर्ग

यावर फार लिहीत नाही, कारण जे लागतं ते बहुतेक फोनमध्ये आहे. डोळ्यांची अडचण असेल तर अँड्रॉइडमधलं टॉकबॅक, संगणकावर फुकट मिळणारं एनव्हीडीए. दोन्ही पडद्यावरचं मराठी वाचून दाखवतात. वाचण्याजोगी पुस्तकं 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयात मिळतात. छापील पुस्तक दिव्यांगांसाठी वाचण्याजोग्या रूपात बदलायला 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदाच परवानगी देतो, तेव्हा ग्रंथपालानं स्कॅनिंगला नाही म्हटलं तर त्यांना हे सांगा. ऐकू कमी येत असेल तर गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठी बोलणं पडद्यावर लिहून दाखवतं. वर्गात गोंगाट असेल तर ते काहीतरीच लिहितं, म्हणून पहिला बाक धरा.

हजेरीचं मात्र लक्षात ठेवा. सिकलसेल, हिमोफिलिया, मानसिक आजार असलेल्यांची हजेरी 75 टक्क्यांच्या खाली जाऊ शकते. दवाखान्यातून आल्या आल्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडून सूट मागणारा अर्ज द्या. सत्राच्या शेवटी सगळे कागद एकदम दिले की ते संशयानं पाहिले जातात.

पाचवं: परीक्षा

आधी तुमचं विद्यापीठ कोणतं ते पक्कं करा, कारण परिपत्रक तिथून निघतं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे. चंद्रपूर आणि गडचिरोली 2011 पासून गोंडवाना विद्यापीठाकडे. परीक्षेचा फॉर्म भरताना दिव्यांग असल्याचा रकाना भरा आणि त्याच दिवशी लेखनिक व जादा वेळेचा वेगळा अर्ज कॉलेजमार्फत परीक्षा विभागाकडे पाठवा. मंजुरीचं पत्र केंद्राच्या नावानं मागा. हॉल तिकिटाबरोबर तेच पत्र खिशात पाहिजे.

जादा वेळेचा हिशेब सोपा आहे. केंद्र सरकारच्या ऑगस्ट 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तासाला किमान 20 मिनिटं दिली आहेत. तीन तासांच्या पेपरला एक तास, दोन तासांच्या पेपरला 40 मिनिटं. 40 टक्क्यांवरच्या ज्या विद्यार्थ्याला लेखनिक नको, त्यालाही जादा वेळ मागता येतो. "रायटर घेत नाही ना, मग वेळ कशाला" हे चुकीचं आहे. परीक्षा शक्यतो तळमजल्यावर घ्यावी, हेही त्यातच लिहिलं आहे.

आता जादा तासाची आपल्याकडची खरी गोम. पेपर साडेपाचला सुटतो, तुमचा साडेसहाला, आणि गावाची मुक्कामी गाडी सहाला निघून गेलेली असते. कितीतरी पोरी या एका कारणानं जादा वेळ मागतच नाहीत, आणि कागदावर नोंद होते की विद्यार्थिनीला गरज नव्हती. वेळापत्रक लागताच गाडीची वेळ बघा. वस्तीगृहात किंवा नातेवाइकाकडे त्या आठवड्याची सोय करा, नाहीतर अर्धा तास आधी सुरू करू द्या असं केंद्राला लेखी विचारा. एका दिवशी दोन पेपर असतील तर जादा वेळेत जेवणाची सुट्टी जाते. तेही अर्जात लिहा.

लेखनिक तुमच्यापेक्षा एक पायरी खालच्या शिक्षणाचा असावा, असा साधारण नियम असतो. तरी तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक मागून घ्या. बारावीचं पोरगं ठरवलंत तर त्याची बोर्डाची परीक्षा तुमच्या तारखांना भिडते का ते बघा. एक लेखनिक पक्का आणि एक राखीव ठेवा, दोघांचेही ओळखपत्र आणि मार्कशीट केंद्रावर आधीच द्या. भाषेच्या पेपरला वेगळा लेखनिक घेता येतो, आणि इंग्रजीला ते घ्याच. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांत विचारलं की कोणीतरी मिळतंच.

मिळाला म्हणून काम झालं असं नाही. सांगून लिहून घेण्याची सवय लागते, आणि ती परीक्षेआधी जुन्या प्रश्नपत्रिकांवर करावी लागते. प्रश्न दोनदा वाचून घ्या. उत्तराचे मुद्दे आधी शेवटच्या पानावर लिहवून घ्या. वाक्य चार-पाच शब्दांच्या तुकड्यांत सांगा, आणि तुकडा लिहून झाला की त्यानं नुसतं 'हं' म्हणायचं. "नवीन परिच्छेद", "खाली रेघ", "कंसात" हे शब्द दोघांनी आधीच ठरवून ठेवा. अवघड शब्द फोडून सांगा: औद्योगिकीकरण, 'गि' ऱ्हस्व, 'की' दीर्घ. प्रत्येक उत्तराच्या शेवटी फक्त शेवटचं वाक्य वाचून घ्या, सगळं वाचत बसलात तर तो जादा तास तिथेच संपतो. आणि लेखनिकाला स्पष्ट सांगा की स्वतःच्या मनानं सुधारणा करायची नाही. पर्यवेक्षक शेजारीच उभा असतो.

सिकलसेलवाल्यांनी पाण्याची बाटली, मधे बाहेर जाण्याची परवानगी आणि हिवाळी परीक्षेत स्वेटर-शाल हे सगळं अर्जात मागावं. शरीरातलं पाणी कमी झालं किंवा थंडी बाधली की झटका येऊ शकतो, आणि आपल्याकडे उन्हाळी पेपरला पारा 45 ला टेकलेला असतो. अंतर्गत परीक्षा आणि प्रात्यक्षिक यांनाही या सोयी लागू आहेत. कॉलेजं नेमकी तीच विसरतात.

सहावं: पैसा आणि एसटी

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर दिव्यांगांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरची केंद्राची वेगळी आहे, तिला पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. डिप्लोमा किंवा डिग्री इंजिनिअरिंगसारखा तांत्रिक अभ्यासक्रम असेल तर एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) 'सक्षम' शिष्यवृत्ती बघा: वर्षाला 50,000 रुपये, उत्पन्न मर्यादा 8 लाख. एकाच वेळी दोन घेता येत नाहीत, तेव्हा रक्कम पाहून निवडा. अर्ज भरला की तो कॉलेजच्या लॉगिनवर जातो आणि बहुतेक वेळा तिथेच झोपतो. दर आठवड्याला स्टेटस बघा आणि शिष्यवृत्तीच्या बाबूला भेटा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे, तिच्यात दिव्यांगांना गुणांची अट 40 टक्क्यांची आहे.

एसटीत 40 टक्के आणि वर दिव्यांगत्व असेल तर तिकिटात 75 टक्के सवलत, 65 च्या वर असेल तर सोबत्याला 50 टक्के. सिकलसेल, हिमोफिलिया आणि डायलिसिसच्या रुग्णांना साध्या गाडीत प्रवास मोफत आहे.

ग्रामपंचायतीलाही विसरू नका. स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करणं तिला बंधनकारक आहे. लहान पंचायतीत ही रक्कम फार नसते, पण ग्रामसभेआधी लेखी मागणी दिली की चष्मा, श्रवणयंत्राची बॅटरी, साधा स्मार्टफोन असं काही निघू शकतं. मोठ्या साहित्यासाठी जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग, आणि कृत्रिम अवयव किंवा तपासणीसाठी नागपूरचं संयुक्त प्रादेशिक केंद्र, ज्याला सगळे सीआरसी म्हणतात.

सातवं: नाही म्हटलं तर

आधी प्राचार्यांना स्मरणपत्र, पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक टाकून. मग कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार ती असलीच पाहिजे, आणि तिच्या निर्णयानं समाधान झालं नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. परीक्षेचा प्रश्न असेल तर एक प्रत थेट परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना पाठवा. पेपर चार दिवसांवर असेल तर समितीची वाट पाहू नका, संचालकांना मेल करा आणि कॉलेजातून फोन करवून घ्या.

"फाइल वर गेली आहे" एवढंच ऐकू येत असेल तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचं शुल्क, 30 दिवसांत उत्तर. माझ्या अर्जावर कोणी, कोणत्या तारखेला, काय शेरा मारला, एवढंच विचारा. खूपदा उत्तर येण्याआधी मंजुरीच येते.

हे सगळं संपलं तर पुण्याला दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. कायद्याच्या कलम 89 मध्ये पहिल्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, हे एका वाक्यात नमूद केलंत तरी कॉलेजचं उत्तर लवकर येतं. वकील लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. दिव्यांग व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्ह्याला जाणं जमत नसेल तर तालुक्याच्या न्यायालयात त्यांची समिती असते. यूडीआयडी, अर्जाच्या शिक्का मारलेल्या प्रती आणि स्पीड पोस्टाच्या पावत्या घेऊन जा.